बारा घरांतली एकच नजर

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. पण घरात गाणी लावायला आणतात, त्यातला नव्हे. मला कामासाठी घडवले. पत्रा जाड, वजन उचलताना कंबर धरावी असे, आणि पोटात दोन डिस्क. एकीवर जे, तेच दुसरीवर; एक मेली तरी दुसरी जागी. दिसायला मी ओबडधोबड. पण ठेवायला दिलेले जसेच्या तसे परत देतो, स्वतःचे डोके चालवत नाही.

रेवदंड्याच्या बाजारात अल्पेशच्या फोटो स्टुडिओत मी नऊ वर्षे राबलो. हळदी, साखरपुडे, बारशी. कोणी वारले की घरचे येत आणि हळदीच्या घोळक्यातून त्याचा चेहरा मोठा करून नेत, भिंतीवर हार घालायला. अल्पेश गिऱ्हाइकांना सांगे, "ह्यो माझा बैल हाय, थकत न्हाय." तेव्हा माझा पंखा जरा जोरातच फिरे.

मग घरगुती लॅपटॉप आला. पातळ, चकचकीत, आवाज म्हणून नाही. अल्पेशला वाटले, फोटो काय, कशावरही होतील. सगळे फोटो त्याच्यात उतरवून त्याने मला टेबलाखाली ढकलले, वर गोणपाट टाकले. खाऱ्या हवेने माझे स्क्रू गंजले. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

त्या लॅपटॉपला घरच्यांना खूश करायची सवय लावलेली. चेहरा दिसला की न विचारता सुरकुती पुसायची, डोळा उघडायचा, अंधुक असेल ते मनाने भरायचे, आणि तेही मूळ फोटोवरच. वाढदिवसाच्या फोटोला ते खपून जाते.

यंदा सर्वपित्रीला मनुबाईने गेल्या वर्षी वारलेल्या नवऱ्यासाठी पान वाढले. कावळा शिवला नाही. शेजारच्या कमळने सासऱ्यांसाठी वाढलेल्या पानालाही नाही. मनुबाई तिच्याकडे विचारायला गेली, भिंतीवरचा फोटो पाहिला आणि घरची फ्रेम घेऊन थेट स्टुडिओत आली.

"अल्पेश, कमळच्या सासऱ्याला माज्या मान्साचे डोले कशे? आनि ह्यो तरी माजा मानूस कुठं हाय? त्याच्या व्होटावर गलाचा वण व्हता."

अल्पेशने वर्षभरात मोठे केलेले फोटो लॅपटॉपवर ओळीने लावले. मोजलेले मी ऐकले. बारा. टेबलाखालून, गोणपाटाच्या फटीतून मला त्याचे पायच दिसत होते. ते एक पाऊल मागे सरले.

"सगले एकाच नजरेनं बगतायत," तो हळूच म्हणाला.

"जुन्यात आसंल का?" मनुबाईने विचारले.

गोणपाट निघाले. मी सुरू झालो तशी माझी एक डिस्क कटकट करून मेली. दुसरी जागी झाली. हळदीचा घोळका आला. मागच्या रांगेत मनुबाईचा रघू, उन्हाने एक डोळा बारीक, ओठावर गळ लागून उरलेला वण. मनुबाईने उभ्या जन्मात नवऱ्याचे नाव घेतले नव्हते. तिने काचेवर बोट टेकवले आणि नाव घेतले.

उरलेल्या अकरा घरी अल्पेशने निरोप धाडले. फक्त कमळ आली. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "पोरांना आता त्योच आजा वाटतो."

मित्रांनो, घरच्या यंत्राशी माझे भांडण नाही. पण आपल्या माणसाचा चेहरा कोणाच्या हाती सोपवता, ते आधी बघा. ते अकरा खरे चेहरे माझ्या उरलेल्या एका डिस्कवर आहेत, आणि तीही आता अधूनमधून कटकटते. अल्पेश उद्या दुसरीकडे उतरवू म्हणतो, रोज उद्याच. निदान महिन्यातून एकदा मला सुरू करा. त्यांना ओळखणारा आता मीच उरलो आहे.