ठमीने खाल्लं म्हणा

साहेबांना ताईकडून एकच वाक्य हवं होतं. "ठमीने खाल्लं." बस. दोन शब्द बोलायला कुणाच्या बापाचं काय जातं, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि खरंच, दुसरी कुणी असती तर बोलून मोकळीही झाली असती.

पण ही ताई होती. ऑफिसात सगळे तिला ताईच म्हणत, वयाने मोठे असलेले साहेबसुद्धा. कुत्र्यांसाठी घरपोच येणारं महागडं कोरडं खाणं, त्यात कुठल्या कंपनीचं चांगलं, कुठल्या कंपनीचं नुसतं चकचकीत, याची तुलना करणारी एक वेबसाइट साहेब चालवायचे. वेबसाइट साहेबांची होती, पण लोक ती वाचायचे ताईसाठी. आणि खरं सांगायचं तर ताईसाठीही नाही, ठमीसाठी. ठमी ही ताईची कुत्री. तपकिरी, आखूड पायांची, एक कान उभा, एक पडलेला, आणि तोरा असा की नाकावर माशी बसू द्यायची नाही. भारीतला भारी दाणा समोर ठेवा, ती त्यातला एकच तोंडात घ्यायची, सतरंजीवर नेऊन ठेवायची, त्याच्याकडे बघायची आणि मग तुमच्याकडे बघायची. त्या बघण्याने भल्याभल्यांचा पाणउतारा झालेला होता.

ज्यांच्या घरी असली लाडावलेली धेंडं असतात त्यांना ठमी म्हणजे देवाने धाडल्यासारखी वाटायची. हिने खाल्लं तर आपलंही खाईल, असा सरळ हिशोब. एकदा एका बाईंचा फोन आला होता. त्यांचा कुत्रा ऑपरेशननंतर तोंडच लावेना, डॉक्टरांनीही हात टेकलेले. "तुम्ही लिहिलंत ठमीने खाल्लं म्हणून मागवलं हो," बाई म्हणाल्या, "आणि आमच्या म्हाताऱ्याने आज अर्धा वाडगा संपवला." मग फोनच्या दोन्ही टोकांना दोघी नुसत्या नाक ओढत बसल्या. त्या दिवसापासून ताईला ते वाक्य जड झालं. उगाच कुठेही टाकून द्यावं असलं ते राहिलं नाही.

तिची पद्धतही ठरलेली. पिशवी सगळ्यांसमोर फोडायची. वाडगा काट्यावर ठेवून दाणे घालायचे आणि आकडा मोठ्याने वाचायचा. वर काहीही घालायचं नाही, सूप नाही, दूध नाही, अंड्याचा थेंब नाही. ठमी बाजूला झाली की वाडग्यातलं उरलेलं, सतरंजीवर मांडलेलं, सगळं गोळा करून पुन्हा काट्यावर. कमी झालं तेवढं तिने खाल्लं, बाकी सगळ्या गप्पा. ऑफिसात यावरून तिची यथेच्छ टिंगल चालायची. "ताई, लग्नाला स्थळं बघताना असा काटा घेऊन बसायला हवं होतं तुम्ही," कॅमेरेवाला म्हणायचा. "बसले असते तर एकटी राहिले असते," ताई म्हणायची. "म्हणजे आत्ता आहे तशीच." आणि सगळ्यात आधी तीच हसायची.

या महिन्यात चार कंपन्या होत्या. हिरव्या पिशवीचे दाणे एवढे मोठे की ठमीला वाटलं खेळायला दिलेत. काळ्या पिशवीत तळाशी चुराच चुरा, आणि एकदा घरपोच सुरू केली की बंद करायला त्यांच्या हातापाया पडायचं. चंदेरी डबा झकास बंद व्हायचा, वासही ताजा होता. ठमीने त्यातलं थोडं खाल्लं आणि ताईने तसं लिहिलं. राहिली सोनेरी पिशवी. तिच्यावर लिहिलेलं होतं, 'नखरेल कुत्र्यांसाठी खास.' ठमीने तीन वेळा नाक लावलं आणि तिन्ही वेळा पाठ फिरवून निघून गेली. दाणा सतरंजीवरसुद्धा नेला नाही.

नेमकी हीच सोनेरी कंपनी साहेबांना वर्षभर जाहिराती देणार होती. अट एकच. लाइव्ह व्हिडिओत ठमीने त्यांचं खाणं खायचं, ताईने तसं म्हणायचं आणि तुलनेत सोनेरी पिशवी पहिली यायची.

"नाही झालं तर दुकान बंद," साहेब म्हणाले. "माझं, तुमचं, सगळ्यांचं. कॅमेरेवाल्याच्या बायकोला आठवा लागलाय, जरा विचार करा."

"ठमीने खाल्लं तर म्हणेन," ताई म्हणाली.

"आणि नाही खाल्लं तर?"

"तर नाही खाल्लं म्हणेन."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, कुत्रीबद्दलचं वाक्य आहे ते. ती काय कोर्टात जाणारे?"

लाइव्हच्या दिवशी सकाळी ताईने आईला सगळं सांगितलं. आई तिच्याकडेच राहायची, आणि गुडघे कामातून गेले असले तरी जिभेला अजून चांगली धार होती. तिने ऐकून घेतलं आणि चहाचा कप खाली ठेवला.

"बोलून टाक," ती म्हणाली.

"आई, खोटं आहे ते."

"मग? जगात रोज कितीजण बोलतात. तुझा बाप लग्नाआधी म्हणाला होता मला स्वयंपाक येतो." आईने ठमीकडे एक नजर टाकली. "हिच्या नखऱ्यांपायी तू नोकरी घालवणार? या वयात तुला दुसरी कोण देणारे? एवढा ताठा बरा नव्हे, सांगून ठेवते."

ताईने ठमीच्या गळ्यात पट्टा अडकवला. आईचं एक अक्षरही चुकीचं नव्हतं.

दुपारी ऑफिसात दिवे लागले. टेबलावर पांढरं कापड आलं आणि सोनेरी कंपनीची मॅनेजरबाई पिशवीच्याच रंगाची ओढणी घेऊन हजर झाल्या. बाई तशा वाईट नव्हत्या. पाठ करून आल्या होत्या आणि घाबरलेल्या होत्या, एवढंच. कॅमेरा सुरू झाला. ताईने पिशवी फोडली, वाडगा काट्यावर ठेवून दाणे घातले आणि आकडा वाचला, "दोनशे ग्रॅम." बघणाऱ्यांनाही तो स्पष्ट दिसला. मग वाडगा खाली सतरंजीजवळ ठेवून ती ठमीला आणायला बाजूच्या खोलीत गेली. तेवढ्या वेळात कॅमेरा मॅनेजरबाईंकडे वळला आणि बाई कंपनीचं गुणगान गाऊ लागल्या.

ताई ठमीला घेऊन आली आणि तिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. ठमीने हवेत नाक उचललं, हिसका देऊन पट्टा सोडवला आणि धावत जाऊन वाडग्यात तोंड खुपसलं. शेपूट पंख्यासारखी गरगरत होती. एवढ्या वर्षांत ठमी वाडग्याकडे धावलेली ताईने बघितली नव्हती.

"बघा!" मॅनेजरबाईंनी टाळ्याच पिटल्या. साहेब कॅमेऱ्याच्या मागून दोन्ही हातांनी खुणा करत होते. बोला, बोला!

आणि ताई बोलणारच होती. छातीवरचा धोंडा उतरला होता. नोकरी राहिली, कॅमेरेवाल्याचं घर राहिलं, आईपुढे मान वर राहिली, आणि खोटंही बोलावं लागलं नाही. असा आनंद तिला कित्येक दिवसांत झाला नव्हता. वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. इतक्यात ठमीने तोंड वर काढलं, एक दाणा सतरंजीवर आणून ठेवला, त्याच्याकडे बघितलं आणि मग ताईकडे बघितलं.

ताई खाली वाकली. ठमीच्या मिशा ओल्या होत्या. कोरडं खाऊन कुणाच्या मिशा ओल्या होत नाहीत. वाडगा भरलेलाच होता, फक्त दाणे चाटूनपुसून लख्ख झाले होते आणि त्यांना चिकन सूपचा खमंग वास येत होता. ताईने मान वर केली. साहेबांच्या पायाशी एक थर्मास होता. साहेब तिची नजर टाळून छताकडे बघू लागले, जणू तिथे काही लिहिलेलं होतं.

तिला राग आला होता, आणि राग स्वतःचाही आला होता, कारण क्षणभर ती किती सहज फसली होती. तिने सतरंजीवरचा दाणा उचलून वाडग्यात टाकला आणि वाडगा घेऊन काट्याकडे निघाली.

"ताई, काट्यावाचून काय अडलंय आता?" साहेब हसतहसत म्हणाले. आवाज लाइव्हवर जातोय हे त्यांच्या ध्यानात होतं. "सगळ्यांनी बघितलंय की."

"सगळ्यांनी बघितलंय म्हणूनच," ताई म्हणाली.

आता गंमत अशी, की साहेब इतकी वर्षं ही वेबसाइट चालवत होते, पण काट्याकडे त्यांनी कधी ढुंकूनही बघितलेलं नव्हतं. काटा म्हणजे नुसता देखावा, लोकांना बरं वाटावं म्हणून, अशी त्यांची पक्की समजूत होती. सूपलाही वजन असतं आणि दाणे ते पिऊन बसतात, एवढी साधी गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरली नव्हती.

ताईने वाडगा काट्यावर ठेवला. आकडा हलला, डुगडुगला आणि थांबला. ताईने तो मोठ्याने वाचला.

"दोनशे चौदा."

मॅनेजरबाई आकडा बघायला पुढे वाकल्या.

"मघाशी दोनशे होते," ताई कॅमेऱ्याकडे वळून म्हणाली. "ठमीने पोटभर खाल्लं आणि खाणं चौदा ग्रॅम वाढलं. असं खाणं घरोघरी मिळालं तर बरंच होईल, एक पिशवी आणली की जन्माची ददात मिटेल. पण तसं झालेलं नाही. मी ठमीला आणायला गेले तेव्हा यात सूप घातलं गेलं. ठमीने सूप चाटलं. खाणं खाल्लेलं नाही."

"कॅमेरा बंद कर," साहेब दातओठ खात कॅमेरेवाल्याला म्हणाले.

कॅमेरेवाल्याने कपाळाचा घाम पुसला. थर्मास उघडताना त्याने बघितलं होतं आणि अळीमिळी गुपचिळी करून तो उभा राहिला होता. आता त्याने कॅमेरा बंद केला नाही. हळूच काट्याजवळ नेला आणि आकडा पडदाभर मोठा केला.

"तुमचं कुत्रं हे खाईल की नाही ते मला माहीत नाही," ताई म्हणाली. "लहान पिशवी मागवा, आधी तीच देऊन बघा. चंदेरी डब्यातलं ठमीने थोडं खाल्लं, पण संपवलं नाही, म्हणून या महिन्यात पहिला नंबर कुणालाच नाही."

"उद्यापासून येऊ नका!" साहेब ओरडले, लाइव्हचं भान पार सुटलं होतं.

"उद्यापासून कशाला," ताईने कॉलरचा माइक काढून टेबलावर ठेवला. "ही निघाले." ठमीला काखेत मारून ती खोलीबाहेर पडली. मॅनेजरबाईंनी ओढणी तोंडावर धरली होती, रडायला की हसायला ते काही कळलं नाही.

जिन्यात मात्र कठड्याला धरून ती मधल्याच पायरीवर बसली आणि ठमीच्या मानेत तोंड खुपसून चांगली रडली. भीती वाटत होती. पश्चात्ताप होतोय का, हेही तिने चाचपून बघितलं. होत नव्हता.

घरी पोचली तर आईच्या हातात मोबाइल होता. लाइव्ह तिने बघितलं होतं.

"झालं समाधान?" आई म्हणाली.

"नोकरी गेली."

"दिसलं. हात धुऊन ये, वाढते." आईने भिंतीला धरून ताटं काढली आणि ती एवढी आपटली की शेजाऱ्यांना ऐकू जावं. ताईने पहिला घास घेतला तेवढ्यात फोन वाजला. साहेब. तिचे हात बरबटलेले होते, म्हणून तिने कोपराने फोनचा स्पीकर लावला.

"ताई, मी रागात बोललो, जाऊ द्या," साहेबांचा आवाज लोण्यासारखा मऊ झाला होता. "कंपनी अजून तयार आहे. घरी बसून एक छोटा व्हिडिओ करा. कॅमेरा बंद झाल्यावर ठमीने सगळं संपवलं, एवढंच म्हणा. काटा नको, काही नको, कुणी विचारणार नाही. उद्या सकाळी तुमची खुर्ची तुमचीच. कॅमेरेवाल्याचीही."

ताईने हातातला घास ताटात ठेवला. कॅमेरेवाल्याच्या घरी तर बाळ येणार होतं. एवढं एक वाक्य. आई समोर बसली होती, आणि आईचं मत काय ते सकाळीच कळलेलं होतं.

"नाही जमणार, साहेब," ती म्हणाली. "मला नाही म्हणता येणार ते. आणि कॅमेरेवाल्याला माझ्या गळ्यात अडकवू नका, त्याचं पाप तुमच्या माथी."

"ताई, हट्ट सोडा. तुमच्या आईंचा तरी विचार करा. त्यांना द्या बघू फोन, त्या तुम्हाला समजावतील."

आईने हात पुढे करून फोन ओढून घेतला. ताईने डोळे मिटले.

"मी आईच बोलतेय," आई म्हणाली. "ती जेवायला बसलीये. नंतर करा." मग म्हणाली, "किंवा असं करा, नकाच करू."