नाटकातल्या दरवाजाची मागची बाजू

दचकू नका, मी बोलतोय. रंगमंचावर उजव्या हाताला उभा आहे ना, तोच दरवाजा. खरं तर दचकण्याचा हक्क माझा. एकवीस वर्षं माणसं मला धाडकन लावतायत, तरी मला अजून सवय झाली नाही. नुसती कडी वाजली तरी माझ्या बिजागऱ्या थरथरतात.

माझ्यामागे घर नाही. माझ्यातून आत गेलेला माणूस चार पावलांवर विंगेत थांबतो आणि घटाघटा पाणी पितो. पण म्हणून मला खोटा म्हणू नका. माझं लाकूड खरं आहे, आणि ज्यांनी मला घडवलं त्यांचे हातही.

ते हात सुतारकाकांचे. कुणाच्याशा कपाटातून उरलेल्या फळ्या घेऊन त्यांनी एका रविवारी मला उभा केला. आमची मंडळी हौशी. दिवसा जो तो आपापल्या कामावर, संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर तालीम. मला पहिला आशीर्वाद मिळाला तो काकूंचा. "न्हाणीघराचं दार आठ महिने लागत नाहीये, आणि हे नाटकाला दार करून देतायत! उद्यापासून आंघोळीला नाटकातच जाते मी." काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला आणखी एकदा पॉलिश पेपर घासला.

मग मी काय काय झालो नाही! पोलीस चौकी, दवाखाना, तुरुंग, एकदा तर चक्क राजवाडा. पुढून माझ्यावर सात रंग चढलेत. मागून मी कोराच. पण मला अभिमान आहे तो या मागच्या बाजूचा. "पहिलं वाक्य काय रे माझं?" असं रडवेल्या आवाजात विचारणारा माणूस पुढच्या क्षणी मला ढकलून रंगमंचावर जातो आणि सिंहासारखा गरजतो. तुम्हाला सिंह दिसतो. त्याचा घामेजला तळवा मला ठाऊक असतो.

या मागच्या बाजूला एकोणीस वर्षं उभ्या आहेत त्या शिलाईवाल्या मावशी. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. कुणाचं बटण तुटलं, कुणाची शिवण उसवली, मावशी अंधारात हातानं चाचपून टाके घालतात. टाचण्या ठेवायला जागा नाही म्हणून माझ्या चौकटीत खोचतात. पहिली टोचली तेव्हा मी केवढा दचकलो होतो! आता ती ओळ नसली तर चुकल्यासारखं होतं. ज्याची पाळी आली त्याच्यासाठी मला हळूच ढकलायचं, हेही त्यांचंच काम. इतक्या वर्षांत त्या माझ्या पुढच्या बाजूला एकदाही आल्या नव्हत्या.

आता आमच्या नव्या नाटकाचं सांगतो. एक आई आणि तिची मुलगी. पहिल्या अंकात भांडण होतं, मुलगी निघून जाते आणि आई तिच्यामागे मला धाडकन लावते. शेवटच्या प्रवेशात, अकरा वर्षांनी, मुलगी दार वाजवते. आईनं उघडायचं. संवाद एकही नाही. पडदा.

आईचं काम करणाऱ्या बाई बँकेत होत्या. प्रयोगाला तीन आठवडे उरले आणि त्यांची बदली झाली. आमच्या दिग्दर्शक मॅडम शाळेत गणित शिकवतात, नाटकातही कुणाला हातचा विसरू देत नाहीत. त्यांनी डोक्याला हात लावला.

"आता ऐन वेळी आई कुठून आणू मी?"

"मावशींना सगळं नाटक पाठ आहे," मुलीचं काम करणारी म्हणाली. ती पोस्टात कामाला, म्हणून सगळे तिला चिठ्ठी म्हणतात.

मावशींच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे त्यांना नाही म्हणता आलं नाही.

तालमीला मला जिन्यावरून वर नेत नाहीत. तिथे मावशींच्याच शिवणाच्या खडूनं जमिनीवर माझी जागा आखली होती. म्हणजे दार हवेतलं, आणि हवेतलं दार कसंही उघडतं. मावशी ते ढकलत राहिल्या. एकोणीस वर्षं मागून मला ढकललेलं, दार म्हणजे ढकलायचं एवढंच त्यांच्या हाताला ठाऊक. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

प्रयोगाला चार दिवस असताना रंगमंचावर माझ्यासकट पहिली तालीम झाली. मावशी पुढे आल्या, माझ्यावरून हात फिरवला. "अगंबाई, पुढून असा दिसतोस होय तू!"

मी फुलून गेलो. पण शेवटच्या प्रवेशात चिठ्ठीनं टकटक केली, आणि मावशींनी मला ढकललं. मी रंगमंचाच्या बाजूला उघडतो, तिथून मला ओढावं लागतं. मी हललो नाही. त्यांनी घाबरून खांदा लावला. मागचा टेकू सुटला आणि मी चौकटीसकट कलंडलो, थेट चिठ्ठीच्या अंगावर! सुतारकाकांनी धावत येऊन पाठ दिली म्हणून निभावलं.

मावशी मटकन खाली बसल्या. "लागलं का गं तुला?"

"छे हो. पोस्टात याहून मोठी पार्सलं अंगावर येतात."

मावशी हसल्या नाहीत. "मॅडम, माझ्याच्यानं नाही व्हायचं हे. मी आपली मागेच बरी."

"तुम्ही नाही जायचं, दरवाजा जाईल," मॅडम म्हणाल्या. "नुसती चौकट ठेवू. उघडझाप नकोच."

एकवीस वर्षं, आणि नुसती चौकट?

"काढता कशाला?" सुतारकाका म्हणाले. "बिजागऱ्या फिरवतो. अर्ध्या तासाचं काम. मग ढकला हवं तेवढं."

मावशी उठल्या. त्यांनी माझी मूठ धरली आणि मला आपल्याकडे ओढलं. मी उघडलो, तसं त्यांना एक पाऊल मागे सरावं लागलं. त्या तिथेच थांबल्या. मग म्हणाल्या,

"नको दादा, राहू द्या असाच. अकरा वर्षांनी पोरगी दारात आलीय. दार तिच्या अंगावर ढकलू का मी? आईनंच मागं सरायला हवं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मग जमवा. रंगीत तालमीत चुकलं, तर चौकट."

काकांनी टेकू दुहेरी केले. मावशी रोज दुपारी आपलं शिलाईचं दुकान बंद ठेवून यायच्या. समोर कुणी नाही, टकटक नाही, आम्ही दोघंच. दहा वेळा उघडायचं, त्यात पहिल्या दिवशी सात वेळा ढकललंच. "मेल्या हाता!" म्हणून त्या स्वतःच्याच हातावर चापटी मारायच्या. मी दर वेळी दचकायचो, आणि दर वेळी वाटायचं, ओढा मावशी, ओढा.

काल रंगीत तालीम झाली. टकटक. मावशी आल्या. हात पुढे आला, तो ढकलायलाच. तळवा माझ्यावर टेकला. संपलं, मी म्हटलं. पण तळवा तिथेच थांबला. मग माझ्या रंगावरून हळूहळू खाली सरकत मुठीवर आला. त्यांनी ओढलं. एक पाऊल मागे. दारात चिठ्ठी. तिला रडायचं नव्हतं, तरी ती रडली.

"मावशी, तो हात," मॅडम खुर्चीतून म्हणाल्या, "उद्याही असाच."

"तो चुकला होता हो, मॅडम."

"मग असाच चुकू द्या."

आज प्रयोग आहे. प्रेक्षकांनो, खुर्च्यांची कुरकुर मला इथवर ऐकू येतेय. एकच मागणं आहे. शेवटच्या प्रवेशात माझ्या नव्या रंगाकडे पाहू नका, त्या तळव्याकडे पाहा. आणि नाटक संपलं की लगेच चपला शोधू नका, जरा मागच्या बाजूला या. तिथे घर नाही, पण चौकटीत टाचण्यांची ओळ आहे. आज तिच्या शेवटी दोरा ओवलेली एक सुई आहे. मावशी सकाळीच खोचून गेल्या, "मी पुढे असेन, माझ्या माघारी कुणाचं काही उसवलं तर?"

तिसरी घंटा झाली. मी दचकलो, अर्थातच. पडद्याआड मावशींनी पुढून माझ्यावर तळवा टेकवलाय. आमच्यापैकी जास्त कोण थरथरतंय, ते काही मला सांगता यायचं नाही.