डाग माझ्यावर नको

जुना आहे मी, मान्य. काचेचा, हातभर लांब, खाली तोटी असलेला कॉलम, म्हणजे द्रव्ये वेगळी करायची उभी नळी. पण मित्रांनो, घाणेरडा मी कधीच नव्हतो. हे आधी ऐका, मग पुढचे.

एका कारागिराने मला ज्योतीवर तापवून, फुंकून घडवले. तेव्हापासून प्रयोगशाळेत माझे एकच काम. तळाशी कापसाचा बोळा, त्यावर पांढरी, बारीक वाळूसारखी सिलिका आणि सगळ्यात वर एखाद्या झाडाच्या सालीचा काळा, चिकट अर्क. वरून द्रावक ओतले की त्या अर्कातली द्रव्ये आपापल्या वेगाने खाली उतरतात आणि वेगवेगळ्या परीक्षानळ्यांत थेंबथेंब पडतात. रंगीत पट्टा दिसला की सगळे कौतुकाने जमत. बिनरंगी द्रव्यासाठी मात्र फक्त आमची संशोधक ताईच थांबे.

मग रेणूंचे वजन सांगणारे नवे यंत्र आले. त्याला थंड खोली, मऊ आच्छादन, आत जाताना चपला बाहेर! ताई त्याला जावईबापू म्हणते. माझ्या वाट्याला बेसिनजवळचा कोपरा आला.

एकदा जावईबापूंना ताईच्या सालीच्या प्रत्येक नमुन्यात एकच वजन दिसू लागले. तेही इतके ठळक, की बाकी काही दिसेना.

“या जुनाट नळीत मागचं काहीतरी चिकटून बसलंय,” प्रयोगशाळेचे सर म्हणाले. “फेका ती. आणि सालीचं कामही बंद करा आता.”

मला पाय नाहीत, तरी तळपायाची आग मस्तकात गेली. ताईचा चेहरा उतरला, पण ती हटली नाही. “सर, नुसतं द्रावक सोडून बघते ना एकदा.”

तिने मला घासूनपुसून धुतले, नवा बोळा, नवी सिलिका भरली. साल नाहीच, फक्त द्रावक. तरी तेच वजन! ताईने मला उचलून फुटक्या काचेच्या टोपलीपाशी नेले. तिथे ती थबकली.

“थांब रे. तुला वगळून बघितलंच नाही मी.”

तिने द्रावक थेट जावईबापूंना दिले. पुन्हा तेच वजन! आता मी त्यात होतोच कुठे? ताईची नजर हातातल्या बाटलीवर गेली. द्रावक विकत यायचे काचेच्या जड बाटलीतून. ओतायला सोपे म्हणून सरांनीच ते भरून ठेवायला प्लास्टिकच्या, दाबून ओतायच्या बाटल्या आणल्या होत्या, आणि द्रावक त्या प्लास्टिकचाच अंश विरघळवत होते.

काचेच्या बाटलीतले द्रावक घेऊन ताईने अर्क पुन्हा माझ्यातून सोडला. ते ठळक वजन गायब झाले आणि एका परीक्षानळीतल्या बिनरंगी थेंबांत सालीचे स्वतःचे द्रव्य सापडले. ताई नाचायचीच बाकी होती.

“मी म्हणतच होतो, नीट तपासा,” सर म्हणाले. म्हणोत बापडे!

मित्रांनो, मला हळू हाताने धुवा. अडकलेली तोटी ठोकून काढू नका. संशय खुशाल घ्या, पण एकदा मला बाजूला ठेवून तपासा. दोष माझा निघाला तर टोपलीत टाका, हूं की चूं करणार नाही. नाही निघाला, तर माझी माफी मागायची. सरांकडून ती अजून यायची आहे, आणि ती येईपर्यंत मी फुटणार नाही.