कमरेमागून दोर

त्या दिवशी बाबा विहिरीत उतरले होते आणि दोर काकांच्या कमरेमागून गेला होता. काका नात्यातले नव्हते, मी त्यांना काका म्हणायचे एवढंच. विहिरी उपसायचा दोघांचा धंदा. बाबा खाली गाळ भरायचे, काका वर दोर सांभाळायचे. ऊन तापलं होतं. काठावरची माती टाचेसारखी भेगाळली होती.

"झोपलास की काय रे?" खालून बाबांचा आवाज आला.

"तुझं वजन झोपू देतंय होय," काका म्हणाले. "ह्या वयात माणसं वाळतात. तू फुगतोयस."

"फुगलोय तोवर ओढून घे. हलका झालो की रडशील."

काका दोर कधी हाताला गुंडाळत नसत. कमरेमागून घ्यायचा, टाच मातीत रोवायची आणि मूठ केव्हाही उघडता आली पाहिजे. हाताला वेढा दिला की वजन आपल्यालाच घेऊन जातं, हे त्यांनी मला लहानपणीच शिकवलं होतं. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी होती. तरी बाबा दुसऱ्या कुणाच्या दोरावर कधी उतरले नाहीत.

ती बोटं तात्यांनी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावानं, पहारीनं मोडली होती. आई जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. चाऱ्याच्या खोपीत बाबा आणि काका एकमेकांच्या मिठीत तात्यांना दिसले, तो दिवस. आमच्या लेखी तू मेलास, असं ते बाबांना म्हणाले. मला कडेवर घेऊन आणि काकांना धरून बाबा घराबाहेर पडले. शेताच्या कडेला त्यांनी पत्र्याची खोली उभी केली. पुढं कितीतरी वर्षं दाराची कडी वाजली की बाबा आधी उठून काकांच्या पुढ्यात उभे राहायचे.

हा तुमचा कोण, असं गाव खाकरून विचारायचं. कामाचा सोबती, आम्ही तिघंही सांगायचो. पावसात वळचणीला उभं राहावं, तसे त्या शब्दाखाली आम्ही उभे होतो.

त्या विहिरीच्या कामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा चूल पेटवायला वाकले ते उठलेच नाहीत. काकांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि दुपारपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

मग तात्या माणसं घेऊन आले. जिवंतपणी ज्यांच्या लेखी बाबा मेले होते, ते मेल्यावर हक्क सांगायला आले. आमचं रक्त आहे, आमच्याच जमिनीत पुरणार, आणि हा माणूस कुंपणाच्या आत आला तर या खेपेला बोटांवर भागणार नाही, असं त्यांनी बजावलं. मी तोंड उघडणार तोच काका हळूच म्हणाले, "भांडू नकोस. त्याला सुखानं उतरू दे." पुरायच्या वेळी ते कुंपणाबाहेर तार धरून उभे राहिले.

आमच्यात माणसाला पेटीत घालून पुरतात. पेटीच्या डोक्याकडचा दोर तात्यांनी घेतला, पायाकडचा बाबांच्या पुतण्यांनी. पकड पक्की हवी म्हणून तात्यांनी दोर हाताला दोनदा गुंडाळला. पुतण्यांनी नको तेवढा सैल सोडला. पेटी तिरकी होऊन खड्ड्यात अडकली आणि सगळा भार तात्यांच्या मुठीवर आला. दोर मांसात रुतला. कुणी ओढा म्हणे, कुणी सोडा. काठाची माती ढासळून पेटीवर पडू लागली, तात्यांच्या टाचा घसरू लागल्या.

काका तार ओलांडून आत आलेले मला दिसलेच नाहीत. दिसले तेव्हा दोर त्यांच्या कमरेमागून गेलेला होता. पायाकडच्यांना त्यांनी टाचा रोवायला सांगितलं, भार स्वतःवर घेतला आणि वाकड्या बोटांनी तात्यांच्या हाताचे वेढे उलगडले. पेटी सरळ झाली.

तात्यांनी काळानिळा हात छातीशी धरला. सुंभ जळाला, पण पीळ जाईना.

"झालं," ते म्हणाले. "आता दोर पुतण्याकडे दे आणि बाहेर हो. तू कोण लागतोस त्याचा?"

सगळे काकांकडे बघत होते.

"मी," काका म्हणाले, "कामाचा..." आणि पुढचा शब्द त्यांच्या तोंडातून निघेना.

"ते बाबांचं माणूस आहेत, तात्या," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला, पण तो मी खाली आणला नाही. "बाबांनी संसार केला तो यांच्याबरोबर. मला दोघांनी वाढवलं. बाबा दुसऱ्या कुणाच्या दोरावर उतरायचे नाहीत, आजही उतरणार नाहीत."

मग मी काकांच्या शेजारी जाऊन मातीत टाच रोवली.

"सोडा, काका. सावकाश."