रोपांवरून फिरणारा हात

मी मिरचीच्या रोपांचा ट्रे बोलतोय. हो, तोच काळा, प्लॅस्टिकचा, बर्फाच्या साच्यासारखे कप्पे असलेला. पाणी निथळावं म्हणून माझ्या प्रत्येक कप्प्याच्या तळाला भोक आहे, त्यामुळे माझ्या पोटात काही राहत नाही. तरी एक गोष्ट बरेच दिवस धरून बसलोय. ती आज सांगून टाकतो.

मला विकत आणलं ते चष्मेवाल्याच्या बायकोनं. ती लाँड्रीत इस्त्री करायची. तिचा हात कायम ऊन ऊन असायचा आणि कधीतरी भाजल्यामुळे करंगळी आत मुडपलेली होती. बाहेर कडाक्याची थंडी असतानाच ती बी भिजत घालायची. मिरचीचं बी मोठं आळशी, ऊब मिळाल्याशिवाय हलायचं नाव घेत नाही. म्हणून पेरणी झाली की ती मला फ्रिजच्या डोक्यावर ठेवायची, आणि कोंब दिसले की टेबलावर, ट्यूबलाइटखाली.

मग रोज सकाळी ती रोपांच्या शेंड्यांवरून तळहात फिरवायची, मांजरीच्या पाठीवरून फिरवावा तसा. "घरात वाढतायत बिचारी, त्यांना वारा कुठला लागायला?" ती नवऱ्याला म्हणायची. "हात फिरवला की खोडं धट्टीकट्टी होतात. नाहीतर नुसतीच उंच वाढतील, तुमच्यासारखी!" मुडपलेल्या करंगळीमुळे कडेची ओळ सुटायची. तिच्यासाठी मग पुन्हा एकदा, आखूड हात.

गेल्या पानगळीत ती गेली. आजारपणात नवं बी धरायचं राहूनच गेलं. उरलं होतं ते आदल्या सालचं, चष्म्याच्या जुन्या डबीत, चिमूटभर. ते रुजलं नाही तर तिची मिरची कायमची संपली असती.

पेरायला लावलं ते धाकटीनं, म्हणजे तिच्या बहिणीनं. "भाऊजी, ताईनं इतकी वर्षं जपलेलं बी आहे हे. आणि तुम्ही बसा हातावर हात ठेवून!"

तेव्हा कुठे चष्मेवाला हलला. बारीक कामाचा माणूस तो, चिमट्यानं एकेक दाणा असा ठेवला की जणू चष्म्याचा स्क्रूच बसवतोय. मला फ्रिजवर ठेवलं, वेळेवर खाली घेतलं, सगळं बायकोसारखं केलं. फक्त हात फिरवायचं त्याला सुचलं नाही. तो पाणी फवारायचा आणि दुकानात निघून जायचा.

कोंब वर आले. आणि एका सकाळी, घरात कुणी नसताना, माझ्यावरून हात फिरला.

ओळखीचा होता. आधी लांब, मग कडेच्या ओळीसाठी आखूड. पण ऊन नव्हता. फ्रिजचं दार उघडल्यावर अंगावर येतो तसला गारवा होता त्याला. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. रोपांना त्याचं काय! त्यांनी माना डोलावल्या आणि झकास बाळसं धरलं.

धाकटी बघायला आली नि हरखलीच. "हाताला गुण आहे हो तुमच्या! रोज हात फिरवता ना, ताईसारखा?"

"छे! कसला हात?"

धाकटीनं एका खोडाला बोट लावून पाहिलं. "मग ही अशी जाड कशी झाली?" ती हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात गेलाच नाही. भिंग घेऊन माझ्यापुढे बसला. जन्मभर लोकांना दिसावं म्हणून झटलेला माणूस, न दिसणाऱ्या गोष्टींवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. पंखा बंद होता. शेंडे एका टोकाकडून वाकत गेले आणि मागून उठत गेले. मग जरा थांबून एकटी कडेची ओळ वाकली.

भिंग त्याच्या हातातून सुटलं. "आलीस होय?" तो म्हणाला.

त्या दिवसापासून तो रोज सकाळी माझ्यापाशी बसू लागला. कुणाचा नंबर वाढला, कुणी फ्रेमवर बसून ती मोडली, सगळं तिला सांगायचा. दुकान कधी उशिरा उघडायचं, कधी उघडायचंच नाही.

थंडी सरली. रोपं बाहेर काढायची वेळ झाली, आधी थोडा वेळ सावलीत, मग उन्हात, मग मातीत. हा काढीना. मुळं माझ्या कप्प्यांत गोल गोल फिरून दाटली, भोकांतून बाहेर आली. खालची पानं पिवळी पडली, आलेली कळी गळून गेली.

"मारायला ठेवलीत का ही रोपं?" धाकटी कडाडली.

"बाहेर नेली की ती यायची नाही."

"कोण?"

त्यानं सगळं सांगितलं. धाकटी हसली नाही. "मग ताईला रोज हेच दाखवताय?" तिनं विचारलं. "ही पिवळी पानं?"

पुढच्या सकाळी हात फिरला नाही. त्या गार हातानं रोपांना बुडाशी धरून वर ओढलं. एकेक रोप आपणहून कप्प्यातून बोटभर उचललं गेलं आणि पुन्हा खाली बसलं. मातीत लावण्याआधी ती अशीच ओढून बघायची, मुळं सुटतायत की नाही ते. चष्मेवाला पांढराफटक पडला.

"बरं बाई, नेतो," तो म्हणाला.

आणि नेली. हळूहळू उन्हाची सवय लावली, मग मागच्या दारी मातीत लावली. सगळी जगली. मला धुऊन, पुसून त्यानं पुन्हा टेबलावर ठेवलं आणि समोर बसून राहिला. माझ्यात हलायला एक पानही नव्हतं. चहा गार झाला. "गेली," तो म्हणाला, आणि ढसाढसा रडला.

पण ती आली होती हो! माझ्या प्रत्येक कप्प्यात एक गार बोट तळापर्यंत उतरलं, चाचपडलं, पुढच्या कप्प्यात गेलं. खोटं कशाला बोलू, मी भ्यायलो. ते काय शोधतंय ते मला कळत होतं, आणि माझ्याकडे द्यायला काहीच नव्हतं. शेवटचा कप्पा झाल्यावर ते बोट माझ्यातून निघालं, ते परत आलं नाही.

आता मी फ्रिजवर पालथा पडून असतो. इथून सगळं स्वयंपाकघर दिसतं. तो दुकानात जायला लागलाय, दोन घास नीट खातोय. मिरच्यांना फुलं आलीत, धाकटी सांगत होती.

रोज सकाळी तो चहाचा कप तोंडाला लावतो, तेव्हा त्याचे विरळ पांढरे केस हळूच एका बाजूला झुकतात. तो खांदे आखडून घेतो. "कुठून येतो हा गार वारा!" असं पुटपुटत उठतो आणि खिडकी दाबून बघतो. काल तर त्यानं खिडकीच्या चौकटीत कापूस कोंबला.

मी प्लॅस्टिकचा, मला तोंड नाही. तुम्ही कधी त्याच्या दुकानात चष्मा करायला गेलात तर माझं एवढं काम करा. त्याला सांगा, त्या खिडकीला कुठेही फट नाही.