केसरीनाथच्या खिशातील कांडी

सन १९८७ च्या फाल्गुनात केसरीनाथने तंबाखू सोडण्याचा नववा निश्चय केला. पूर्वीचे आठही निश्चय अल्पायुषी ठरले होते. आठवा तर त्याने अकलोलीच्या गरम कुंडावर, ओलेत्या अंगाने, डबी पाण्यात भिरकावून केला होता. आणि परतीच्या एसटीची वाट पाहता पाहता नवी डबी विकत घेतली होती.

“त्या कुंडात आता पानी कमी नि डब्या जास्त हायेत,” असे त्याची पत्नी जानकीबाई शेजारणींस सांगत असे.

परंतु या खेपेस प्रसंग गंभीर होता. त्याच्या गालाच्या आत पांढरा चट्टा उमटला होता. डॉक्टरांनी बॅटरीच्या उजेडात तो न्याहाळून बजावले होते, “दोन महिने तंबाखू पूर्ण बंद. चट्टा हटला नाही, तर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल.” त्या दिवसापासून जानकीबाईने थट्टा करणे सोडून दिले. तिचे ते मौन केसरीनाथला चट्ट्याहून अधिक भिववीत होते.

केसरीनाथ भिवंडीत लूमवर कापड विणीत असे. ताण्यातून इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यातील कांडीचे, म्हणजे सूत गुंडाळलेल्या नळीचे, सूत संपले, की नवी कांडी बसवून तिचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. तोंडात तंबाखू असली, तर सूत भिजे आणि पांढऱ्या कापडात तपकिरी डाग विणला जाई. त्यापायी त्याने अनेकदा बोलणी खाल्ली होती. शेजारच्या लूमवरील जब्बारने यातूनच युक्ती काढली.

लूमच्या खडखडाटात तो केसरीनाथच्या कानाशी ओरडला, “जिंदगीभरची कसम खाऊ नको रे! ही कांडी संपेपर्यंत थांब. बस!”

“नि संपल्यावर?”

“दुसरी भर. तिच्यापुरता थांब!”

एक कांडी म्हणजे काही मिनिटांचा खेळ. तेवढे मन आवरणे केसरीनाथला साधले. कांडीमागून कांडी करीत त्याने अकरा दिवस निभावले.

बाराव्या दिवशी दुपारी वीज गेली. सारे लूम एकाएकी मुके झाले. कांडीच फिरत नाही, तर तिची अट तरी कसली, असा सोयीस्कर विचार त्याच्या मनात डोकावला, आणि त्याने कोणाकडून तरी चिमूटभर तंबाखू मागून घेतली. वीज आली, कांडी बदलली, धोटा ओठांशी गेला.

दोन दिवसांनी कापड तपासणाऱ्या सत्तारने तो डाग शोधून काढला. “केसरीभाऊ, तुमची सही आली बघा!”

सगळे हसले. केसरीनाथ मात्र मान खाली घालून म्हणाला, “जब्बार, माझ्यानं न्हाय व्हायाचं.”

“लाईट गेली होती. कांडी कुठं गेली होती? तिच्यावर सूत होतं ना?”

“व्हतं.”

“मग संपली कुठं?”

 त्याच दिवशी शेठची परवानगी घेऊन केसरीनाथने अर्धी भरलेली एक कांडी सदऱ्याच्या खिशात ठेवली. शुक्रवारी कारखाना बंद असे. त्या दिवशी तलफ अनावर होई. मग तो कांडी बाहेर काढी, सुतावरून अंगठा फिरवी आणि पुन्हा खिशात ठेवी. गोधडी शिवताना जानकीबाईने एकदा ती मागितली, तेव्हा तो केवढ्यांदा ओरडला!

“त्या सुताला हात लावशील तर बघ!”

“अगो बाय! सोन्याचं हाय काय?” कित्येक दिवसांनी जानकीबाई हसली.

चुकलेल्या दिवसापासून त्याने दोन महिने नव्याने मोजले. मग उभयता दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी पुन्हा बॅटरी लावली, गाल बोटाने ताणून पाहिला आणि मान डोलावली. “बराच विरलाय. सध्या तुकडा काढायची गरज नाही. पण पुढच्या महिन्यात दाखवा, आणि तंबाखू बंद म्हणजे बंदच.”

बाहेर येताच जानकीबाईने पदराने डोळे टिपले आणि हात पुढे केला. “आता तरी द्या ते सूत. गोधडी अर्धी पडलीय.”

केसरीनाथने खिशावर तळहात दाबून धरला.

“तुला दुसरं आनतो,” तो म्हणाला. “ही कांडी चालू हाय.”