जाड चकती

“आई, ही घे की. स्वस्तातली. शिकायलीस अजून, टिकाऊ कशाला?”

उमेशने पुढे केलेली चकती सरूबाईंनी जराशी वाकवली, तर कडेला पांढरी रेघ उमटली.

“हिला दगड लागला की संपली. जाड दाखव रे, बाबा.”

दुकानदार प्रवीण उमेशकडे बघून हसला. चकती नातवासाठी हवी, हे त्याने केव्हाच ठरवून टाकले होते. सरूबाईंचे टाळके सरकले.

दवाखान्यात आयाचे काम करून त्या निवृत्त झाल्या, तेव्हा शेजारच्या दीपश्रीने त्यांना धारवाडच्या एका मैदानावर डिस्क गोल्फ खेळायला नेले. झाडांमधून चकती फेकत फेकत साखळ्यांच्या टोपलीत टाकायची. सरूबाईंची पहिलीच चकती चिंचेवर आपटली आणि त्या पोट दुखेपर्यंत हसल्या. असे हसून किती वर्षे झाली होती! पण दीपश्रीच्या दोन चकत्या त्यांच्या हातून फुटल्या. ती काही बोलली नाही, म्हणून तर सरूबाईंना जास्त लागले. स्वतःची घेईन तेव्हाच मैदानावर पाय ठेवीन, असे त्यांनी तिला सांगून टाकले होते.

“शिकणाऱ्याचीच झाडावर आपटती, उमेश. चांगलं टाकणाऱ्याची कशाला आपटंल?”

“खरं हाय गं. पण तू किती दिवस खेळणार हाईस?”

हे त्याने मायेनेच विचारले, त्याचाच सरूबाईंना जास्त संताप आला. घरात मिक्सर आणताना याच पोराने गॅरंटीवरून दुकानदाराला भंडावून सोडले होते. आईची वस्तू तेवढी टिकायला नको!

“हात उचलंल तितके दिवस. साकू, पुरे आता. जाड दे.”

मैदानावर चकत्या झुडपात हरवतात, म्हणून सगळे मागे पेनाने नाव लिहितात. सरूबाईंना ते पटले नव्हते. नाव घालायचे तर भांड्यावर घालतात तसे, मशीनने. चकती घेऊन त्या थेट कमरीपेठेत भांडेवाल्या बाबूकडे गेल्या. उमेश मागोमाग.

“अक्का, हे प्लास्टिक हाय,” बाबू म्हणाला.

“जाड हाय. घाल.”

“नाव?”

“सरूबाई.”

देणगीची ताटे कोरण्यात बाबूचा जन्म गेला होता. सुई टेकवता टेकवता तो थांबला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “पुढं ‘यांच्या स्मरणार्थ’ घालू न्हवं?”

उमेशने मान खाली घातली.

“मीच सरूबाई,” त्या म्हणाल्या. “नुसतं नाव घाल. खोल घाल.”

मशीन घरघरू लागले. नाव पुरे होईपर्यंत सरूबाईंनी चकतीची कड स्वतःच्या हाताने घट्ट धरून ठेवली.